दोर तुटला तेव्हा

शाळेत भूगोल शिकवणाऱ्या ताईला चाळिशीत ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, उडवण्याचं खूळ लागलं, आणि शिकवायला मिळाला सख्खा धाकटा भाऊ. ज्याचा कान धरून पाढे घोटून घेतले, त्याच्याच तोंडून "पुन्हा कर" ऐकणं तिला जड जाई. पण मैदानावर त्याचा शब्द शेवटचा, हे तिने निमूट मान्य केलं होतं.

त्या सकाळी ती पुढे बसली, तो मागे. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला विंचचं इंजिन ग्लायडरला जोडलेला लांब दोर गुंडाळू लागलं आणि त्या ओढीने ग्लायडर नाक वर करून पतंगासारखं चढलं. समोर नुसतं आभाळ.

तेवढ्यात खाड्कन आवाज झाला. ओढ नाहीशी झाली, पाठोपाठ वाऱ्याचा आवाजही विरत चालला. ही शांतता वाईट, हे तिला ठाऊक होतं. वेग मरत होता. जीव म्हणत होता, हातातली दांडी मागे ओढ, वरच राहा. तिने ती पुढे ढकलली. नाक खाली गेलं, आभाळ सरकून जमीन समोर आली. पिवळी मूठ ओढून तिने दोराचं लोंबणारं टोक सोडून दिलं.

"तू घे," ती कशीबशी म्हणाली.

"नाही ताई, तुझ्याच हातात राहू दे. वेग बघ."

जमीन अंगावर येत होती. वळून मागे फिरावं असं फार वाटलं. पण इतक्या खाली वळलेलं ग्लायडर सरळ कोसळतं, हे त्याने तिला बजावून ठेवलं होतं. वेगाचा काटा रेंगाळला, मग चढला. वारा पुन्हा सूं सूं करू लागला. पुढे मैदान शिल्लक होतं. तिने पंखांवरचे ब्रेक उघडले. चाक टेकलं, उसळलं, पुन्हा टेकलं. कुंपणाच्या तारा स्पष्ट दिसू लागल्या तेव्हा कुठे ग्लायडर थांबलं आणि एका पंखावर कललं.

खाली उतरल्यावर ती गवतातच बसली. मग रागावली. त्याने ताबा का घेतला नाही म्हणून त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"माझा हात पोचायच्या आधीच तू दांडी पुढे केली होतीस," तो म्हणाला. "मी मध्ये पडलो असतो तर ओढाओढीत दोघंही गेलो असतो."

त्याचा खालचा ओठ दातांखाली फाटून रक्ताळला होता. तिने रुमाल काढून तो पुसला, आणि त्याने लहान मुलासारखा पुसू दिला.

दुपारी दुसरा दोर लागला. ती पुढे बसली, तो मागे. दोघांनी पट्टे आवळले, आणि तिने दांडी हातात घेतली.