डावा पीळ

दुकानाच्या पाटीवर 'बंधू रेडिओ' असं लिहिलेलं होतं आणि आत बसणारा माणूस एकटाच होता. नवं गिऱ्हाईक थट्टेनं विचारायचं, "दुसरे बंधू कुठायत?" रेडिओकाका मान वर न करता म्हणायचे, "आत आहेत, चहा पितायत." आत सुट्या भागांचे डबे होते, बाकी कोणी नाही. धाकटा भाऊ निघून गेला त्याला सव्वीस वर्षं झाली होती. काकांनी ऐकीव पत्त्यांवर पाठवलेली दोन पत्रं पत्ता सापडत नाही म्हणून परत आली, आणि त्यानंतर त्यांनी तो विषय गिळला तो गिळलाच.

एका दुपारी गाणं शिकवणाऱ्या बाई व्हॉल्व्हचा जुना ॲम्प्लिफायर घेऊन आल्या. दोन्ही हातांनी उचलतानाही त्यांना धाप लागली होती.

"काका, हा सारखा हूं करत बसतो. मुलींना जुन्या रेकॉर्ड ऐकवायला जावं, तर गाण्याच्या आधी हाच सूर लावतो. तोही बेसूर."

काकांनी तो चालू करून पाहिला. आवाजाचं बटण शून्यावर नेलं तरी घरघर तेवढीच. "वीजपुरवठ्याच्या बाजूला दोष दिसतोय," ते म्हणाले. "परवा या."

बाई गेल्यावर त्यांनी प्लग काढला, कंडेन्सरमध्ये साठलेली वीज उतरवली, पेटी उलटी करून तळाचा पत्रा काढला, आणि पाहतच राहिले.

व्हॉल्व्ह तापवणाऱ्या दोन तारा एकमेकींभोवती पिळून नेतात, म्हणजे त्यांची घरघर गाण्यात उतरत नाही. काकांच्या ओळखीचे सगळे मेकॅनिक उजवीकडे पीळ देत. या तारांना डावीकडे पीळ होता, वेणीसारखा घट्ट आणि एकसारखा. अर्थिंगच्या सगळ्या तारा लांबून लांबून येऊन एकाच स्क्रूवर जमल्या होत्या.

धाकटा डावखुरा होता. आणि त्या एका स्क्रूवरूनच दोघांचं बिनसलं होतं. काकांचं म्हणणं, पेटीचं लोखंड जवळ असेल तिथेच डाग द्यावा, म्हणजे कथील वितळवून तार चिकटवावी, उगाच तारांचं जंजाळ कशाला? धाकट्याचं म्हणणं, सगळ्या तारा एकाच जागी न्यायच्या. एके दिवशी भरल्या दुकानात, गिऱ्हाइकादेखत, काकांनी त्याच्या हातचं तयार काम उघडलं आणि कात्रीनं सातच्या सात तारा कापल्या. "घरात मोठा कोण आहे?" एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी त्याचं अंथरूण रिकामं होतं.

काकांनी सुजलेला कंडेन्सर बदलला. मोठी घरघर गेली. पण रेकॉर्ड प्लेअर जोडला की मागे एक बारीक 'हूं', म्हणजे हम, उरायचाच. तेव्हा काकांची जुनी खोड उसळून आली. हेच ते जंजाळ, त्यांना वाटलं. एक तार स्क्रूवरून सोडवली आणि आपल्या पद्धतीनं शेजारच्याच लोखंडाला डाग देऊन जोडली.

हम दुपटीनं वाढला.

त्यांनी तार परत स्क्रूवर नेली. हम उतरला. पुन्हा काढली, पुन्हा वाढला. तिसऱ्यांदा करून पाहायची गरज नव्हती, तरी केली. मग डाग देण्याची कांडी स्टँडवर ठेवून ते कितीतरी वेळ स्टुलावर बसून राहिले. दारात आलेल्या माणसाला त्यांनी हातानंच नको म्हटलं.

उरलेला दोष मागच्या सॉकेटमध्ये निघाला. सॉकेट लोखंडाला टेकू नये म्हणून धाकट्यानं घातलेला वॉशर तडकला होता, आणि अर्थिंगला नको तिथे दुसरी वाट झाली होती. काकांनी प्लास्टिकच्या पट्टीतून नवा कापून बसवला. ॲम्प्लिफायर इतका गप्प झाला, की चालू आहे ना हे त्यांना दिव्याकडे बघून ठरवावं लागलं.

ठरल्या दिवशी बाई आल्या. काकांनी शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "हा कुठून घेतलात?"

"माझ्या माहेरी, बंदराजवळ एक दुकान आहे. चार वर्षं झाली. फार भला माणूस हो, पेटी स्वतः उचलून गाडीत ठेवली." बाईंनी पर्स उपसून दुकानाचं कार्ड काढलं. "ठेवा तुम्ही. का हो, तुमच्या ओळखीचे का?"

"घरातलाच आहे," काका म्हणाले.

बाई गेल्या. काकांनी तीनदा नंबर फिरवला आणि तीनदा रिंग जायच्या आत फोन ठेवून दिला. चौथ्यांदा एका तरुण मुलीनं उचलला. त्यांनी आपण कोण ते सांगितलं.

"मोठे काका?" ती म्हणाली. "मी त्यांची मुलगी. पण बाबा फोनवर नाही बोलू शकणार. त्यांचे कान गेले, तीन वर्षं झाली."

काकांनी विचारलं, "मग... काम?"

"करतात की. स्पीकरवर तळहात ठेवतात, हम असला तर हाताला कळतो म्हणतात. तुम्ही सांगा, मी लिहून दाखवते."

सव्वीस वर्षं मनात घोळवलेली सगळी वाक्यं त्या घटकेला दगा देऊन गेली. काका कसेबसे म्हणाले, "लिही बाळ. त्या तारा मी कापायला नको होत्या. तुझंच बरोबर होतं. मी स्वतः करून पाहिलं."

तिनं लिहिलं. कागद फाडल्याचा आवाज आला, स्टूल सरकलं. मग अचानक, कानात बोट घालावं लागेल इतक्या मोठ्या आवाजात, धाकटा बोलायला लागला. आवाज जाडा झाला होता, पण वाक्याच्या शेवटी श्वास घ्यायची लकब तीच होती.

"दादा! मला तू ऐकू येणार नाहीस, तेव्हा मीच बोलतो. बायकोला जाऊन पाच वर्षं झाली. ही पोरगी माझ्याहून चांगला डाग देते. तुझे गुडघे कसे आहेत? तुला पत्र लिहायला बसलो, किती वेळा बसलो. काय लिहू कळायचं नाही रे. दादा, तू आहेस ना तिथे?"

"आहे," काका म्हणाले. "आहे रे, आहे."

पलीकडे धाकटा थोडा थांबला आणि ते न ऐकताच पुढे बोलत राहिला. काकांनी डोळे मिटून घेतले आणि फोन कानाशी दाबून धरला. मध्ये एकदाही त्याचं बोलणं तोडलं नाही.