नव्या मालाला कुंकू

कुंकवाच्या डबीचं झाकण फरशीवर टणकन पडलं आणि गरगरत बरण्यांच्या मांडणीखाली गेलं. तनुजा ते उचलायला वाकली नाही. बोट कुंकवात बुडवून ती काउंटरवरच्या खोक्याकडे बघत उभी राहिली.

दुकानात नवा माल आला की आधी हळदकुंकू, मग विक्री. बिलोलीत दुकान घातल्यापासून हे काम तिचंच. हे खोकं मात्र तिच्या नवऱ्याच्या, बालाजीच्या दोस्ताने, चंद्रप्पाने, राज्याच्या सीमेपलीकडून चोरून आणलं होतं. आतल्या सिगारेटच्या पाकिटांवर ना किंमत, ना आजारी माणसाचा फोटो.

"लावा की वहिनी," चंद्रप्पा म्हणाला. "फोटो न्हाई, गिऱ्हाइकाला भ्याव न्हाई. टॅक्स न्हाई, म्हणून निम्म्या भावात."

कोपऱ्यावरच्या टपरीने हाच माल ठेवला आणि इथलं गिऱ्हाईक तिकडे गेलं. सिगारेटला जाणारा चहापत्ती, बिस्किटंही तिथूनच नेऊ लागला. दुकान चाललं नाही तर बालाजी पुण्याला कंपनीत जाणार, असं घरात बोलणं झालं होतं. तेव्हापासून पाच वर्षांची पुनम बापाच्या दंडाची उशी केल्याशिवाय झोपत नव्हती.

"टॅक्स न्हाई म्हंता भावजी," तनुजा हळूच म्हणाली, "मंग आपल्या पुनमच्या अंगणवाडीतली खिचडी कशावर शिजायची?"

"एका खोक्यानं सरकारची चूल इझत न्हाई, वहिनी."

"टपरीवालाबी हेच म्हणला असंल."

चंद्रप्पा हसला. बालाजी हसला नाही.

"काय गं, लावायलीस का न्हाई?"

"हात धजंना."

तिने बोट ओढणीला पुसलं आणि मान खाली घातली. आता तो बोलेल, चिडेल, पुण्याचं नाव काढेल. बालाजीने खोकं उचललं, बाहेर नेलं आणि चंद्रप्पाच्या मोटारसायकलवर ठेवून स्वतःच्या हाताने दोरी आवळली.

"पुण्यात खोलीचं भाडं किती हाय, ठाऊक हाय का तुला?" चंद्रप्पा मागून म्हणाला.

"चहा पिऊन जा. अन् हे संगं ने."

गाडीचा आवाज गेल्यावर बालाजी उंबऱ्यात आला. मग आत न बघताच म्हणाला, "तुझ्या हातची चुरमुऱ्याची सुशीला सकाळच्याला एसटी स्टँडावर खपंल का गं?"

"चुरमुरे हायेत घरात," तनुजा म्हणाली. गुडघ्यावर बसून, हात लांबवून तिने मांडणीखालचं झाकण ओढून काढलं.

पुनम मात्र काउंटरपाशी टाचा उंचावून आपल्या दुकानातलं सिगारेटचं एक जुनं, फोटोवालं पाकीट न्याहाळत होती.

"आई, ह्या फोटोतल्या काकानं सिगारेट कोणाच्या दुकानातून घेतलती गं?"