तीन झाकणं

"आमच्या वन्संनी बनवलंय," वहिनी आजूबाजूच्या चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली आणि प्रेससमोरच्या स्टुलावर बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधी चालू तर दे बाई, मग कर कौतुक!

दोन वर्षांपूर्वी याच प्रेसने तिच्या डाव्या हाताच्या बोटाचं एक पेर नेलं होतं. डब्यांची पत्र्याची झाकणं कापणारी प्रेस. पायाने पायडल दाबलं की धाडकन खाली येते. हात आत असताना पाय पडला आणि संपलं. मालक दवाखान्यात आले, हळहळले, आणि पायडल होतं तिथेच राहिलं. मी त्याच कारखान्यात पॅकिंगला. माझ्या भावाची बायको महिन्याभराने पुन्हा त्याच स्टुलावर बसलेली दिसली, तेव्हा माझं डोकंच फिरलं.

उपाय मला एका व्हिडिओत सापडला. पायडल काढायचं, दोन बटणं बसवायची, दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली येणार. दोन्ही हात बटणांवर म्हणजे आत कुणाचाच नाही. ते करायला एक चिप लागते, दोन्हीकडून होकार आला तरच पुढे होकार देणारी. एवढं कळायला मला सात महिने लागले. मोबाइलवर व्हिडिओ, मांडीवर जुन्या बाजारातलं जाडजूड पुस्तक. व्हिडिओतला मास्तर गोडबोल्या, सगळं सोपं करून सांगणारा. पुस्तक मात्र खडूस. पाचव्या प्रकरणानंतर मी पुस्तक फक्त अडलं तरच उघडायची. कारखान्यातल्या वायरमनने माझं नाव 'मोबाइल इंजिनिअर' पाडलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, बघालच.

आज बघायचा दिवस होता. मालक हाताची घडी घालून उभे होते. सकाळीच त्यांनी बजावलं होतं, "चाललं तर सहाही प्रेसना बसवू. नाही चाललं, तर हा विषय पुन्हा माझ्यापुढे काढायचा नाही."

वहिनीने दोन्ही बटणं दाबली. चिप बसवलेल्या माझ्या डबीवरचा लाल दिवा लागला, प्रेस खाली आली, झाकण कापलं गेलं. बटणं सोडली, प्रेस वर. तिने डाव्या हाताने झाकण काढलं. दहा झाली, वीस झाली. वायरमनसुद्धा पुढे सरकून बघू लागला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग शेजारच्या मोठ्या मशीनची मोटार सुरू झाली.

वहिनीचा डावा हात झाकण काढायला प्रेसखाली गेला. उजवा तिने सवयीने बटणावरच ठेवला होता. आणि लाल दिवा लुकलुकला. अगदी पापणी लवावी इतकाच. पण तो दिवा लागणं म्हणजे चिप प्रेसला 'ये खाली' म्हणत होती. डाव्या बटणावर कुणाचाही हात नव्हता.

मला भास झाला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. दुसरं झाकण. पुन्हा लुकलुक. प्रेसची हवेची झडप जड आहे, एवढ्याशा इशाऱ्याने उघडत नाही, म्हणून ती खाली आली नाही. इशारा जरा लांबला असता तर आली असती. हे सगळं मला तेव्हाच कळलं होतं. खोटं कशाला बोलू? मी मालकांच्या तोंडाकडे बघितलं. ते खूश दिसत होते. सात महिने, सहा प्रेस, वायरमनचं पडलेलं तोंड, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप दुरुस्त करते, असं मनात म्हणाले. तोवर तिसरं झाकण कापलं गेलं आणि वहिनीचा हात तिसऱ्यांदा आत गेला. त्याला चारच बोटं पुरी होती.

"हात काढा!" मी किंचाळले आणि मुख्य स्विच खाली ओढला.

सगळे माझ्याकडे बघत होते. "चूक आहे," मी म्हणाले. "माझीच."

पुस्तक पिशवीत होतं. सातव्या प्रकरणात ते सरळ लिहिलेलं सापडलं. बटण सोडलं की त्याची तार लोंबकळत राहते. ती धड शून्य, म्हणजे नकार, नसते आणि धड एक, म्हणजे होकारही, नसते. आसपासच्या मोटारीने चाळवली की चिप तिलाच होकार समजते. म्हणून प्रत्येक तार एका रेझिस्टरने 'जमिनीला', म्हणजे शून्याच्या तारेला, बांधून ठेवायची, म्हणजे बटण सुटलं की ती शून्यावरच येते. व्हिडिओतला मास्तर म्हणाला होता, हे आत्ता सोडून द्या. मी कायमचंच सोडून दिलं. घरी टेबलावर वीतभर तारेने कधी त्रास दिला नव्हता.

"तरी म्हटलं होतं," वायरमन हसला. पण रेझिस्टर त्यानेच आणून दिले आणि मी ते डाख देऊन जोडत असताना डबी धरून उभा राहिला. मालक घड्याळ बघत होते. मोटार चालू ठेवून मी पन्नास वेळा तपासलं. दिवा एकदाही चुकला नाही.

"हं, बसा वहिनी," मी म्हणाले.

ती बसली नाही. "वन्सं, एक सांगा. तुम्हाला कधी कळलं?"

झाकणांची चळत तिच्यासमोरच होती. लगेच, असं म्हणता आलं असतं. तिला काय समजणार होतं? पण माझी जीभ रेटेना.

"तीन झाकणं आधी," मी म्हणाले.

वहिनीने आरडाओरडा केला असता, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"आधी तुम्ही बसा."

मी बसले. बटणं दाबली, सोडली, आणि प्रेसखाली डावा हात घातला. माझीच डबी, माझेच डाख, तरी झाकण न उचलताच मी हात मागे घेतला. मान वळवून पाहिलं तर वहिनी मुख्य स्विचला हात लावून उभी होती. तिची नजर दिव्यावरून हलत नव्हती.

"थांबू नका," ती म्हणाली. "मी आहे."