पहिला शिंपला

"मावशी, पाटी निघाली एकदाची. आता कसली वाट बघताय?" शेजारीण टोपली कमरेवर घेत म्हणाली.

पाण्यात विष आलं तेव्हापासून चार महिने खाडीच्या तोंडाशी 'शिंपले काढण्यास मनाई'ची पाटी उभी होती. मासेमारी खात्याच्या ऑफिसातल्या माणसाने ती आत्ताच उपटून बगलेत मारली.

"तीनदा तपासलंय. तिन्ही वेळा साफ," तो म्हणाला. "काढा बिनधास्त."

पण चौदा बायकांपैकी एकीनेही चिखलात पाय टाकला नाही. इथली रीतच तशी होती. पहिला शिंपला मावशीने उघडायचा, आतलं मांस ओठाला लावायचं, जरा थांबायचं आणि 'चला' म्हणायचं. ओठाला मुंग्या आल्या तर टोपल्या रिकाम्या परत. चाळीस वर्षं हेच चाललं होतं. ऑफिसातले ते कागद आणि शिक्के कालपरवाचे.

चार महिन्यांपूर्वी मुंग्या आल्या तेव्हा तिने सगळ्यांना थांबवलं, पण थोडा रस तिच्या पोटात गेलाच. आठ दिवस दवाखान्यात काढून ती परतली, ती अख्ख्या वस्तीचे जीव वाचवणारी म्हणून. खालचा ओठ मात्र मेला तो मेलाच. चहाने फोड आला तरी आरशात दिसेपर्यंत तिला पत्ता नसायचा. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. नवरा गेला, दात गेले, गुडघे गेले. एवढा एक मान उरलेला, तो आपल्या हाताने कोण घालवील?

पाणी ओसरून तास झाला होता, तरी एरवी लगेच चिखलात शिंपले टिपायला उतरणारे पक्षी धक्क्याच्या भिंतीवरच बसून होते. एकही खाली उतरत नव्हता. मावशीला हे बिलकूल आवडलं नाही.

तिने शिंपला उघडला आणि ओठाला लावला. काहीच नाही. निखारा लावला असता तरी काही कळलं नसतं. 'चला' म्हटलं की झालं, कागद तर आहेच. तेवढ्यात तिचं लक्ष सुनेकडे गेलं. पोर अजून अंगावर पीत होतं तिचं, आणि ती सगळ्यांच्या पुढे पदर खोचून तयार.

"थांबा," मावशी म्हणाली. "मला काही कळत नाही. माझा ओठ मेलाय."

"मेलाय? कधीपासून?"

"तेव्हापासूनच."

"अहो, मग इतके दिवस बोलला नाहीत?"

"इतके दिवस बंदीच होती की."

कुणी हसलं नाही. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सून पुढे आली. "द्या इकडे, आई."

"तू नको. बाळ पितंय तुझं."

"नुसतं लावायचं, गिळायचं नाही. तुम्हीच शिकवलंत ना?"

तिने शिंपला हातातून काढून घेतला. बाकीच्या बायकांचे डोळे मावशीवरून उठून सुनेच्या तोंडावर गेले. ऑफिसातला माणूस घड्याळ बघत होता.

"काय लागतंय?" मावशीने विचारलं.

"काही नाही." सुनेने मनगटाने ओठ पुसला. मग परत पुसला. "म्हणजे... टोचल्यासारखं होतंय. थोडंसंच."

"थुंक. तोंड धू आधी," मावशी म्हणाली आणि पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"अहो, पण रिपोर्ट साफ आहे," तो माणूस म्हणाला.

मावशीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. तिने आपली टोपली चिखलाच्या कडेला पालथी घातली आणि तिच्यावर बसली. थोड्या वेळाने शेजारणीने आपली टोपली तिच्या बाजूला पालथी घातली. मग बाकीच्यांनीही, एकेक करून.