बिनखुणेचा सदरा

“तो समोरचा रंगवाला दिवसभर दुसऱ्याच्या दोरीकडे टक लावून बसतो, आणि एक जण हटकत नाही त्याला! आमच्या वेळी असल्याच्या डोक्यावर बादली रिकामी झाली असती,” काकू म्हणाल्या.

“दोरीवर बघण्यासारखं आहे काय सध्या?” इस्त्रीवरून मान वर न करता सून म्हणाली.

हे झोंबलं, कारण खरं होतं. तापाची साथ ओसरून दोन महिने झाले तरी लाँड्रीच्या आठ दोऱ्यांपैकी सात रिकाम्या होत्या. सगळ्यांचे कपडे एकाच हौदात भिजतात, ताप तिथूनच पसरला, असं कुणीतरी म्हणालं आणि गल्ली घरीच कपडे बडवायला लागली. काकूंच्या तोंडावर बोलायची मात्र कुणाची छाती नव्हती.

काकाही तापानेच गेले होते, लांबच्या इस्पितळात, पाचव्या दिवशी. अंगावरचे कपडे तिथेच जाळले; घरी खुंटीवरचा एक सदरा तेवढा राहिला. काकूंनी गल्लीत सांगितलं, काळीज बंद पडलं. लाँड्रीवालाच तापाने गेला म्हटल्यावर ती आठवी दोरीही उतरली असती. खरं काय ते या दोघींनाच ठाऊक.

त्यात आता हा रंगवाला. समोरच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी रंगवली होती. तापात गेलेल्या माणसाचा एखादा कपडा दाखवा, मी तो इथे वाळत घालतो, असं घरोघर सांगत फिरायचा. फुकट करतो म्हणे. फुकट काम करणाऱ्याला काकू दाराबाहेरूनच परत पाठवायच्या, तशी त्याचीही पाठवणी झाली होती.

त्या दिवशी मात्र काकू रस्ता ओलांडून त्या भिंतीपाशी गेल्या आणि जागीच थबकल्या. कपडे उलटे करून टांगलेले. रंग विटू नये म्हणून असे फक्त काकू वाळत घालायच्या. आणि प्रत्येक कपड्याच्या आत, कॉलरपाशी, काळ्या शाईची खूण. त्यांच्याच हातची! अक्षरओळख नव्हती म्हणून घराघराची एकेक खूण त्यांनी मनाने ठरवली होती. नऊ कपडे, नऊ खुणा.

‘म्हणजे नऊही माणसं आमच्याच हौदातून गेली, हे हा भिंतीवर लिहून ठेवतोय,’ काकूंच्या मनात आलं. ‘कुणी बसवलाय याला?’

घरी येऊन त्यांनी सोड्याची बादली आणि राठ ब्रश उचलला.

“आई, नका जाऊ,” सून म्हणाली.

“तुला कशाला त्याचा एवढा पुळका?”

सुनेचा चेहरा उतरला. ते काकूंनी बरोबर टिपलं, पण हिशेब नंतर चुकता करू म्हणून बाहेर पडल्या.

भिंतीशी तापात गेलेल्या ड्रायव्हरची बायको उभी होती. निळ्या गणवेशाच्या चित्रावर तळवा टेकून. काकूंना बघून तिने हात काढला नाही.

“काकू, हे गोल काय हो? आमच्या कपड्यांवर कायम असायचं. ह्यांना विचारलं तर म्हणायचे, पोळी असेल.”

“पोळी कसली? चाक आहे ते. तुझा नवरा गाडी चालवायचा ना, म्हणून चाक. दहा वर्षं धुतलाय तो गणवेश मी.”

ती हसली आणि हसताहसताच तिने तोंडावर पदर घेतला. एव्हाना चार माणसं जमली होती. “आणि आमची?” “ह्या तीन रेघा?” काकूंनी बादली खाली ठेवली नाही, पण सांगत गेल्या. तीन रेघा म्हणजे जिना, मास्तरीण तिसऱ्या मजल्यावर राहायची. फ्रॉकवरचा डोळा त्या टपोऱ्या डोळ्यांच्या पोरीचा. हौदाचं नाव कुणीच काढत नव्हतं. काकू वाट बघत होत्या, आता काढतील, मग काढतील.

त्या नवांच्या पुढे, दोरीच्या अगदी टोकाला, मघाशी काकूंच्या नजरेतून सुटलेला एक पांढरा सदरा होता. अर्ध्या बाह्यांचा.

“यावर खूणच सापडली नाही,” रंगवाला म्हणाला. “लोक विचारतात कुणाचा. मी आपला एक ठिपका देऊन टाकू का?”

काकूंनी वळून पाहिलं. सून रस्त्याच्या पलीकडे, लाँड्रीच्या दारात उभी होती. म्हणजे खुंटीवरचा सदरा हिनेच दाखवला तर! आणि नाव मात्र सांगितलं नव्हतं. ते काकूंवर सोडलं होतं.

आपण गप्प राहिलो तर हा कुणाचाच नाही. ठिपका पडेल, गल्ली विसरेल, लाँड्री तरेल.

“ब्रश खाली ठेव,” काकू म्हणाल्या. “घरच्या कपड्याला खूण नसते. तो कुणाला परत द्यायचा नसतो.”

ड्रायव्हरच्या बायकोने आधी सदऱ्याकडे पाहिलं, मग काकूंकडे. “म्हणजे काकासुद्धा…?”

“तापानेच.”

एक जण दोन पावलं मागे सरकला, तेही काकूंनी टिपलं. ड्रायव्हरची बायको मात्र हलली नाही. तिने काकूंच्या हातातली बादली घेतली आणि खाली ठेवली.

काकूंनी पदराने हात पुसले. सदरा वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि रंगवाल्याकडे वळल्या.

“माझा अजून विश्वास नाही तुझ्यावर. पण हात बरा आहे. फक्त ही कॉलर मुडपलीस तू. माझ्या हातून गेलेला कपडा असा कधी नव्हता, आणि हा तर नव्हताच नव्हता. सरळ कर. मी उभी आहे इथे.”