तारेकडची बाजू

"मालकांना सांग, खुर्ची उचला म्हणावं," कात्री मुकादमाने टोळीतल्या सरड्याला सांगितलं.

मालक समोरच बसले होते आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं. गल्लीत, घराच्या मागच्या भिंतीला टेकून, गुलमोहराच्या सावलीत त्यांनी लोखंडी खुर्ची टाकली होती. वर फांद्या होत्या आणि फांद्यांमधून विजेची मोठी लाईन गेली होती.

"त्याला सांग," मालक सरड्याकडेच बघत म्हणाले, "मी तिकीट काढून बसलोय. शेवटचा स्टॉप येईपर्यंत उठणार नाही."

सरडा खांद्यावर दोर घेऊन दोघांच्या मध्ये उभा होता. झाडावर चढण्यात त्याचा हात धरणारं टोळीत कुणी नव्हतं, पण निरोप्याचं काम त्याने आजवर केलं नव्हतं. तो म्हणाला, "तुम्ही दोघं भाऊ ना? मग थेटच बोला की. माझं काय कुरिअर आहे?"



कात्री हा वीज कंपनीच्या छाटणी टोळीचा मुकादम. हे नाव त्याला शहराने दिलं होतं आणि ते प्रेमाने दिलेलं नव्हतं. आदल्या वर्षीच्या वादळात एक झाड मोठ्या लाईनवर आडवं झालं आणि आठवडाभर पाण्याचे पंप आणि दवाखाना अंधारात राहिले. तेव्हा लोकांनी कंपनीच्या फाटकावर दगड मारले. यंदा वादळांच्या आधी सगळे खांब तपासा, खांबांच्या ताणाच्या तारा घट्ट करा, तारांजवळची झाडं हटवा, असा वरून हुकूम आला. टोळी करवती घेऊन बाहेर पडली, तेव्हा त्याच लोकांनी गच्चीवरून बादल्या ओतल्या. एका म्हाताऱ्याने कुत्रा सोडला. एका बाईने कात्रीच्या सात पिढ्या काढल्या आणि मग दम लागला म्हणून घरात जाऊन पाणी पिऊन येऊन उरलेल्या काढल्या. कात्रीला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. लाईन मोकळी होत आली होती. राहिलं होतं ते हे एक झाड, आणि ते नेमकं थोरल्या भावाच्या परसात होतं.

थोरला निवृत्त बस कंडक्टर. भरल्या बसमध्ये शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज आणि जाऊ नये असे शब्द, दोन्ही त्याच्याकडे होते. आई गेल्यापासून भावांचं बोलणं बंद होतं.

इंजिनियर बाई जीपमधून उतरल्या. वयाने कात्रीच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी झाडाकडे पाहिलं, मग भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याकडे.

"काका, हे झाड काढावं लागेल," त्या थोरल्याला म्हणाल्या.

"काढा. आणि ते पत्रे पण काढा. आणि त्याखाली माझी बायको स्वयंपाक करते, तिलाही घेऊन जा तुमच्या एसीच्या ऑफिसात."

"वादळात हे लाईनवर पडलं तर—"

"तुमचं वादळ येईल तेव्हा येईल, बाई. ऊन रोज येतं. गेल्या उन्हाळ्यात ही दोनदा चक्कर येऊन पडली. एवढी सावली असताना पडली. तुम्ही एक दुपार त्या पत्र्याखाली काढून दाखवा, मग मीच करवत आणून देतो."

भिंतीपलीकडून वहिनीचा आवाज आला, "अहो, ओरडू नका. बीपी वाढेल."

"माझं नाही वाढत. तुझंच वाढतं," थोरला तिकडे न बघता म्हणाला. त्याने वॉर्डाच्या मेंबरला आधीच फोन केला होता. मेंबर मोटारसायकलवर आले, सगळ्यांशी हात मिळवून त्यांनी तोडगा काढला आणि चहाही न घेता गेले. झाड तोडायचं नाही. फक्त तारेकडच्या फांद्या काढायच्या.

बाईंना ते पटलं नाही. त्यांनी कात्रीला बाजूला घेतलं. "मुकादम, एकाच अंगाने काढलं तर सगळा भार घराकडे जाईल. गुलमोहराची मुळं वरवर असतात. जमीन भिजली की ती धरत नाहीत. कमी करायचं तर दोन्हीकडून सारखं, नाहीतर अजिबात हात लावू नका."

"मालक घराकडून चढू देणार नाहीत."

"देणार नाहीच," थोरला खुर्चीतून म्हणाला. "तारेकडची बाजू कंपनीची, घराकडची माझी. माझ्याकडची एक काडी हलली तर पोलीस बोलवीन."

"मी वरून परवानगी आणते," बाई कात्रीला म्हणाल्या. "दोन-तीन दिवस लागतील. तोवर थांबा."

त्या गेल्या. टोळीने दोर गुंडाळायला घेतला. थोरल्याने खुर्ची उचलली, फाटकापाशी पोचला आणि तिथून सरड्याला म्हणाला, पण भरल्या बसच्या आवाजात, "तुमचा मुकादम फार कामाचा माणूस. वादळ आलं की लोकांच्या घरी उजेड करायला धावतो. आई शेवटी चार दिवस याचं नाव घेत होती, तेव्हाही असाच धावला होता. मोठे दिवे लावले."

गल्लीतल्या खिडक्या उघड्या होत्या.

आईचा निरोप मिळाला तेव्हा कात्री पुराच्या पलीकडे होता. पूल पाण्याखाली होता. तो ट्रकमधून, मग चालत, मग पुन्हा ट्रकमधून आला तेव्हा थोरला आईला स्मशानात पोचवून घरी येऊन हातपाय धूत होता. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर काय बिघडलं असतं, हे कात्रीने तेव्हा विचारलं नाही आणि नंतर विचारायची वेळ गेली. थोरल्यानेही कधी सांगितलं नाही.

"दोर सोड," कात्री सरड्याला म्हणाला.

"बाई थांबा म्हणाल्या ना?"

"मेंबरचा शब्द झालाय. तारेकडची बाजू आपली. लाईन बंदच आहे, परमिट हातात आहे. चढ."

सरडा चढला. कात्री खालून बोट दाखवत गेला: ही, ती, तिच्यामागची. तारेला लागणारी प्रत्येक फांदी गेली. मग कधीकाळी लागू शकली असती अशी गेली. मग ज्या फांद्यांचा तारेशी काही संबंध नव्हता, पण ज्या भिंतीच्या या बाजूला होत्या, त्याही गेल्या. वार सगळे स्वच्छ, बुंध्याशी चपटे. काम शिकवताना दाखवावेत असे. भिंतीच्या रेषेवर झाड उभं कापल्यासारखं झालं. आभाळाचा एक मोठा तुकडा गल्लीत आला. पलीकडे, पत्र्यावर, हिरवागार भार जसाच्या तसा होता.

"बास की आता," सरडा वरून म्हणाला. "अर्धी मिशी भादरल्यासारखं दिसतंय. त्या बाजूचं थोडं तरी उतरवू. घाला दोर पलीकडे, मी एवढ्यात—"

"ती मालकांची बाजू आहे."

"अहो, पण तोल—"

"मालकांची बाजू आहे म्हणालो ना. उतर."

संध्याकाळी त्याने बाईंना फोनवर कळवलं की लाईन मोकळी झाली. 

"दुसरी बाजू?"

"मालक देत नाहीत."

"मी थांबायला सांगितलं होतं."

"वादळाला पण सांगून ठेवा, बाई."

"मुकादम," त्या म्हणाल्या, "परवानगी आली की पहिलं काम ते. दुसरं काही नाही."

परवानगी निघाली, पण ती येण्याआधी वादळ आलं.

दुपारीच दिवस मावळल्यासारखा झाला. पाऊस आडवा होता. कात्री सबस्टेशनच्या कंट्रोल रूममध्ये मीटरच्या काट्यांसमोर उभा होता. गेल्या वर्षी याच खोलीत एकामागून एक लाईनी पडत गेल्या होत्या आणि शेवटी सगळे काटे शून्यावर येऊन झोपले होते. आज मोठ्या लाईनचा काटा थरथरला, खाली झुकला, सावरला. पंप चालू राहिले. दवाखाना चालू राहिला. वारा ओसरला तेव्हा मुख्य कार्यालयातून फोन आला. साहेबांनी फोनवरूनच सगळ्यांचं अभिनंदन केलं. ऑपरेटरने कात्रीच्या पाठीवर थाप मारली. "कात्री, यंदा फाटकावर दगड नाही पडणार."

"पडतील," कात्री म्हणाला. "झाडं का तोडली म्हणून पडतील." त्याला बरं वाटत होतं.

त्यानंतर तक्रारीचा फोन वाजला. ऑपरेटरने तो घेतला आणि ऐकता ऐकता कात्रीकडे बघितलं. गुलमोहर पडला होता. लाईनवर नाही, घरावर. स्वयंपाकघराचा पत्रा गेला होता. वहिनी आत होती, शेजाऱ्यांनी तिला ओढून काढलं, दवाखान्यात नेलं. खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर झाडाखाली लोंबत होती आणि चालू होती.

जीपमध्ये इंजिनियर बाई एकच वाक्य बोलल्या. "तिथे पोचल्यावर आधी सप्लाय बंद."

गल्लीत गुडघाभर पानं होती. वरची लाईन सरळ, ताठ, एका डहाळीचाही स्पर्श न झालेली. भिंतीपलीकडे झाड मुळांसकट उपटून पत्र्यात घुसलं होतं. मुळं खरंच वरवर होती. ताटासारखी चपटी उभी राहिली होती आणि त्यांना अजून ओली माती होती.

कुणाच्या तरी स्कूटरवरून थोरला आला. सदरा भिजलेला, एका बाहीवर रक्त. ते त्याचं नव्हतं.

"कशा आहेत?" बाईंनी विचारलं.

"आत नेलंय. ऑपरेशन चालू आहे. लाईट आहे तिथे." तो थांबला. "डॉक्टर विचारतायत, कुठल्या गोळ्या घेतात. मला नावं नाही माहीत. पिशवी फळीवर असते."

"काका, आत जायचं नाही. वायर जिवंत आहे. भिंती ओल्या आहेत. पाच मिनिटं थांबा."

"मी थांबतो. ती थांबेल का, विचारून या."

शेजारी जमले होते. कुणीतरी मागून म्हणालं की एकाच बाजूने कापल्यावर झाड पडणारच, शेंबड्या पोरालाही कळेल. सगळ्यांनी कात्रीकडे पाहिलं. थोरल्यानेही पाहिलं, आई गेल्यापासून पहिल्यांदा, सरळ.

"घराकडून मी हात लावू दिला नाही," तो बाईंना म्हणाला. "ते माझ्याकडे लिहा. बाकीचं त्याला विचारा."

आणि तो फाटकातून आत गेला.

कात्री तोवर खांबाला भिडला होता. गल्लीच्या तोंडाशी घरगुती लाईनचा खांब होता आणि थोरल्याच्या घराची वायर तिथूनच निघत होती. सरडा शिडी लावत होता. "मी जातो वर," सरडा म्हणाला. कात्रीने त्याच्या हातातले रबरी मोजे ओढून घेतले. बऱ्याच वर्षांत तो खांबावर चढला नव्हता. मोजे चढवून तो शिडी चढू लागला. तो थांबला नाही.

वर पोचल्यावर त्याला स्वयंपाकघर दिसलं. आधी मध्ये झाड होतं. शेगडी दिसली, ओट्यावर निम्मं चिरलेलं काहीतरी, उलटलेलं स्टूल. छप्पर नसलेल्या त्या खोलीत भिंतीवरचा बल्ब जळत होता. दुपारी अंधारून आलं तेव्हा वहिनीने लावला असणार. त्याच्या उजेडात थोरला फांद्यांमधून वाट काढत होता. त्याने फळीवरून कापडी पिशवी घेतली, आत हात घालून चाचपली, काखेत मारली. मग तो वळला आणि खोलीतून बाहेर पडणाऱ्या माणसाचा हात जातो तसा त्याचा हात भिंतीवरच्या बटणाकडे गेला. भिंतीवरून पाणी ओघळत होतं.

खांबावरून घराची जोडणी तोडण्याची एक रीत होती, सुटलेली वायर कुणाला लागू नये म्हणून. आधी घरात हाक द्यायची, कुणी कशाला हात लावलेला नाही असं उत्तर कानाने ऐकायचं, मगच तोडायचं. कात्रीने ती रीत टोळीतल्या प्रत्येकाला शिकवली होती.

"दादा, हात काढ."

थोरल्याने वर पाहिलं नाही. कात्रीने उत्तराची वाट पाहिली नाही. पक्कड आवळली, ठिणगी उडाली, वायर सुटून भिंतीवर आपटली आणि गल्लीत पडली.

खाली बाईंनी लोकांना मागे सारलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खिडक्यांत उजेड होता, दूर पाण्याच्या टाकीवरचा दिवा लागलेला होता. मधलं एक घर काळं झालं.

थोरला बटणावर बोट ठेवून उभा होता. त्याने विझलेल्या बल्बकडे पाहिलं. मग बटण दाबून बंद केलं, पिशवी सदऱ्याच्या आत सरकवली आणि फांद्या बाजूला करत बाहेर आला. खांबाखालून जाताना त्याची चाल मंदावली नाही.