वापशातले खांब

मी एक जुना घण आहे, पण लोहाराच्या हातातला नव्हे. ट्रॅक्टरच्या मागे लोखंडी चौकट बसवतात. तिच्यात मी वर-खाली होतो आणि कुंपणाचे खांब जमिनीत ठोकतो. तेलाचा दाब मला वर उचलतो, सोडला की मी आपल्याच वजनाने खाली येतो. मित्रांनो, जन्मभर एवढंच केलं. आता पडण्याचासुद्धा शीण येतो.

लातूरच्या एका लहान वर्कशॉपात मी घडलो. बिलोलीच्या रामलिंगने मला भाड्याने द्यायला आणलं. रानडुकरांचा उच्छाद वाढला होता, त्यामुळे माझ्यासाठी शेतकरी नंबर लावत. पहिल्या खांबाला कुणी नारळ फोडी, कुणी माझ्या कपाळाला कुंकू लावी.

मग नावं ठेवणं सुरू झालं. आमच्याकडे सोयाबीन निघालं की हरभऱ्याची घाई असते. वापसा, म्हणजे जमिनीतला बेताचा ओलावा, थोडेच दिवस टिकतो. म्हणून लोक आधी पेरतात आणि कुंपण उन्हाळ्यावर ढकलतात. उन्हाळ्यात काळी माती आकसून भेगाळते. तेव्हा ठोकलेला खांब भेगेत नुसता अडकतो. पावसात माती फुगते, हलते, आणि खांब डुलू लागतो. बोल मात्र मला. शेवटी रामलिंगने दुप्पट वजनाचा नवा घण आणला, आणि मी शेडमागे गेलो. कोंबड्या माझ्यावर अंडी घालू लागल्या.

यंदा दसऱ्यानंतर सुमनबाई आल्या. सोबत लुंबिनी, त्यांची लेक, लातूरला कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी. तळ्याकाठचा त्यांचा हरभरा डुकरांनी लागोपाठ दोन वर्षं उकरला होता. यंदाही गेला तर जमीन बटईने दुसऱ्याला कसायला देऊन लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. सुमनबाईंना जायचं नव्हतं.

"नवाच न्या, सुमनबाई," रामलिंग म्हणाला. "एका दणक्यात खांब पाताळात!"

"पाताळात कशाला भाऊ? मला माझ्या रानात पाह्यजे."

"आमचा ट्रॅक्टर लहान हाय," लुंबिनी म्हणाली. "ह्याला झेपंल का?"

"झेपतं की! लावून तर बघा."

नवा घण जोडला. लुंबिनीने सीटवर बसून तो उचलला, तशी ट्रॅक्टरची पुढची चाकं घोड्यासारखी वर उठली.

"रामलिंगभाऊ, पाताळ ऱ्हाऊ द्या," ती वरून ओरडली, "आम्ही आभाळात निघालो!"

मग कोंबड्या हाकलून मला बाहेर काढलं. मी हलका होतो, एवढीच माझी लायकी.

रानात पोचलो तर शेजारचे अमृतराव बांधावरच उभे. "वहिनी, काय करून राहिलाव? ट्रॅक्टर एक, वापसा चार दिवसांचा. आधी पेरा. खांब काय, उन्हाळ्यात बी ठोकतेत."

"तुमचे ठोकले की उन्हाळ्यात," लुंबिनी म्हणाली. "बघा काका, कसे दारू पिल्यावानी उभे हायत!"

अमृतरावांनी वळून पाहिलं आणि हसू दाबलं. "हाव, तेवढं खरं. पर मग पेरणार कशानं?"

सुमनबाईंनी एक ढेकूळ उचलून मुठीत दाबून पाहिलं. खांब आधी ठोकावेत तर ओल उडणार, पेरणी आधी करावी तर खांब हलणार. मग त्यांनी अमृतरावांच्या गोठ्याकडे बोट केलं. तिथे देवणी बैलांची जोडी रवंथ करत बसली होती.

"तुमच्या बैलांनी."

"माझे बैल? पोळ्यापासून जू न्हाई बघितलं त्यांनी."

"म्हणूनच माजलेत. तिफण माझी, बैल तुमचे. तळ्याकडची कुंपणाची जाळी तुमच्या बांधापतुर नेते. तुमचा बी हरभरा वाचंल."

"वहिनी, तुम्ही लई महाग पडताव बुवा," असं म्हणत अमृतराव बैल सोडायला गेले.

त्या वापशात बैल तिफण ओढत होते आणि बांधाने मी पडत होतो. सांधे करकरत, एकेका उचलीला जीव नकोसा होई. पण ओलसर माती खांबाला चहूबाजूंनी धरत होती. प्रत्येक खांबाला सुमनबाई दोन्ही हातांनी हिसका देत आणि मगच पुढच्या खांबाकडे वळत.

मला दुसरीकडे मागणी नव्हतीच. रामलिंग मला न्यायला आला, तेव्हा हरभऱ्याला घाटे भरले होते. जाळीच्या कडेने डुकरांच्या खुरांचे माग होते, जाळीपर्यंत आलेले आणि तळ्याकडे परत वळलेले.

"मग, रान बटईला कुणाला देताव?" त्याने विचारलं.

सुमनबाईंनी मूठभर ओले घाटे त्याच्या हातावर ठेवले. "खा. माझ्या हातचे हायत, पुढल्या साली बी माझ्याच हातचे ऱ्हातील."

मित्रांनो, त्या रानात काम थांबलं की लुंबिनी मला ओंडक्यावर टेकवायची आणि सुमनबाई जुन्या लुगड्याने चिखल पुसून चौकटीला ग्रीस लावायच्या. रामलिंगने मात्र आणल्याआणल्या मला वरच ठेवलं, एका खिळीवर अडकवून, आणि तो जेवायला गेला तो गेलाच. उचललेला घण लांबून रुबाबदार दिसतो. पण सगळं वजन त्या बोटभर खिळीवर असतं, आणि खाली कुणाचं पाऊल येईल याचा घोर मला असतो. तुमच्याकडे असा कुणी जड काम करणारा असेल, तर काम झाल्यावर त्याला जमिनीला टेकू द्या.

मी अजून वरच आहे. कुणीतरी या आणि मला खाली सोडा.